मदत हवी आहे : बाबांना बीपीची गोळी सुरू असताना कुंभक (श्वास रोखून धरणं) करावा का?

आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबा पहाटे गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला जातात, घरी आले की ओसरीत प्राणायाम. अनुलोम-विलोमबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता १:४:२ धरलंय : चार मात्रांत श्वास आत, सोळा रोखायचा, आठात सोडायचा. वर जोरदार भस्त्रिका (भात्यासारखा भराभर श्वास), तीही विदर्भातल्या मे महिन्यात!

भस्त्रिकेनंतर त्यांच्या बोटांना मुंग्या येतात. ते म्हणतात, इडा-पिंगला या डाव्या-उजव्या नाड्या मोकळ्या होऊन प्राण मधल्या सुषुम्नेत चालला. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेही मुंग्या येतात, असं सांगितलं तर "लय शायना झाला तू!" सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच प्राणही, हे हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातलं वचन वाचून दाखवलं, तेव्हा मात्र गप्प बसले.

कुंभक सोडून नुसती भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं) आणि शीतली (जिभेची नळी करून श्वास घेणं) केली तर चालेल का? डॉक्टरांना विचारणारच आहे. पण यवतमाळ-अमरावतीकडे बीपीवाल्यांना समोर बसवून शिकवणारं कोणी माहीत असेल तर सांगा. व्हिडिओ नका पाठवू, हे सगळं त्यातूनच सुरू झालंय.