आण्णांचं घड्याळ आणि काकडीचं बीपी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस एकच विषय चालला. गुड मॉर्निंगची फुलं, पावसाचे व्हिडिओ आणि मामांनी चार वेळा फॉरवर्ड केलेला एकच मेसेज काढून बाकीचं इथं ठेवलोय. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय ७१, घर बेळगावात, अनगोळला. दादा त्यांचा मुलगा, काकू त्यांची बायको. ते टाइप करत नाहीत, व्हॉइस पाठवतात. ते ऐकून मी लिहिलोय. खोकला वगळून.

दादा (पुणे): परवा सकाळी आण्णांना व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चक्कर आली, हे मला आज संध्याकाळी कळतंय. तेही शेजाऱ्यांकडून. ग्रुपवर कुणी का नाही टाकलं?

काकू: टाकण्यासारखं काय झालं होतं बाबा. दहा मिनिटं बसले, घरी आले, उप्पीट खाल्ले. डॉक्टरांकडं पण जाऊन आलो.

दादा (पुणे): ते राहू दे. मी त्यांच्यासाठी स्मार्टवॉच मागवतोय. पडले तर आपोआप फोन लागतो. नाडी, ईसीजी, ऑक्सिजन सगळं मला इथं दिसेल. अडतीस हजार. कुणी नको म्हणू नका.

मामा (खानापूर): नको.

दादा (पुणे): मामा, का ते तरी सांगा.

मामा (खानापूर): अडतीस हजारात माझ्या बोअरची मोटर नवीन होते गा.

पिंट्या: दादा, माझ्याकडं हाय की एक. खडेबाजारात पंधराशेला घेतलो. बीपी पण दाखवतंय.

ताई (हुबळी): पिंट्या, ते बीपी आण्णांना दाखवायला जाऊ नकोस. मी लॅबमध्ये रोज लोकांचं ऐकतो, म्हणून सांगतो. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकतोय बघ, तो कातडीवर उजेड टाकतो आणि परत किती आला ते मोजतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो. त्यातनं नाडी कळते. पट्टा नीट बसला असेल आणि हात हलत नसेल तर चांगली कळते. पण बीपी म्हणजे दाब. तो मोजायला दंड आवळायला लागतो. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय आहे, पण त्यालाही आधी दंडाच्या मशीनवर मोजून आकडे द्यावे लागतात, आणि ते दर २८ दिवसांनी परत. म्हणजे मशीन घरात पाहिजेच.

पिंट्या: थांब. बघतो.

पिंट्या: काकडीला बांधलो. नाडी ७४, बीपी ११८/७६.

काकू: माझ्यापेक्षा काकडीची तब्येत बरी की.

आत्या (निपाणी): कोशिंबीर करायच्या आधी तिला एकदा विचारा गं.

(फोटो पण टाकला होता त्यानं. काकडीला पट्टा शेवटच्या भोकात बसला होता. मजा बाजूला ठेवली तरी गंमत अशी की यात घड्याळ मुद्दाम खोटं बोलतंय असं नाही. परत आलेला उजेड कमी-जास्त झाला की स्वस्तातलं घड्याळ त्यात ठोका शोधतं. खाली माणूस आहे की काकडी, ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.)

दादा (पुणे): मी पंधराशेचं म्हणतच नाहीये. ॲपलचं घेतो.

पिंट्या: आण्णांचा फोन अँड्रॉइड. ॲपलचं घड्याळ त्याला जोडत न्हाय.

दादा (पुणे): बरं मग सॅमसंग. ईसीजी आहे त्यात.

ताई (हुबळी): आहे. आणि ते खोटं पण नाही. पण काय असतंय ते ऐक. दवाखान्यात दहा तारा लावून हृदय बारा बाजूंनी बघतात. घड्याळ एकाच बाजूनं बघतं, तेही तू ३० सेकंद बोट टेकवून गप्प बसलास तर. ठोके वाकडेतिकडे पडत असतील, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते, तर त्यात सापडू शकतं. त्यासाठी उपयोग आहेच. हार्ट अटॅक मात्र त्यात कळत नाही, हे कंपन्याच लिहून देतात. छातीत कळ आलीय आणि घड्याळ नॉर्मल म्हणतंय म्हणून माणूस घरात बसून राहिला तर? मला त्याची भीती वाटते.

आत्या (निपाणी): सुई न टोचता शुगर दाखवणारं पण आलंय म्हणे. आमच्या भिशीत एकीनं घेतलंय.

ताई (हुबळी): आत्या, तिला सांगा त्यावर गोळी कमी-जास्त करू नको म्हणून. नुसत्या घड्याळानं शुगर मोजता येत नाही. अमेरिकेच्या औषध खात्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये असली घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका म्हणून लोकांना बजावलंय. दंडावर बारीक सुईचा सेन्सर चिकटवतात आणि त्याचा आकडा घड्याळात येतो, ते वेगळं. मोजतो तो सेन्सर. घड्याळ नुसती पाटी.

मामा (खानापूर): पण चालायला तर चांगलं न्हवं? रोज १०,००० पावलं चालायलाच पाहिजेत, डॉक्टर सांगतात.

यावर आण्णांचा पहिला व्हॉइस आला. दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. त्यातलं कामाचं एवढं:

आण्णा: अरे ती दहा हजारच तर नडली मला. आमच्या कट्ट्यावर एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांना मुलानं घड्याळ पाठवलंय. परवा घरी यायला निघालो होतो, तर हे म्हणतात आठ हजार नऊशे झालीत, पुरी करूया. मी म्हटलो चला. पोटात नुसता चहा. दोन राऊंड जास्त मारलो आणि वडाजवळ डोळ्यासमोर अंधारी आली. मास्तर धरले मला. पण त्यांचे दहा हजार झाले बरं का.

(त्या दहा हजाराचं मूळ मी आधी वाचलं होतं, ते ग्रुपवर टाकलो. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं. पुढच्या वर्षी जपानात एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव ठेवलं मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा आधी यंत्राच्या नावात आला, डॉक्टरांच्या तोंडात नंतर. मामांनी अंगठा दिला आणि तासाभरानं १०,००० पावलांचा तोच मेसेज पाचव्यांदा फॉरवर्ड केला.)

ताई (हुबळी): डॉक्टर काय म्हणाले नेमकं?

काकू: बीपीची गोळी गेल्या महिन्यात वाढवलीय, उठल्यावर दाब खाली जात असेल म्हणाले. काहीतरी खाऊन जा, आणि पंधरा दिवस घरात बीपी मोजून वहीत लिहून आणा.

ताई (हुबळी): मग झालं की. दंडाचं मशीन घ्या. बसून एकदा, उभं राहिल्यावर मिनिटाभरानं परत एकदा. दोन-अडीच हजारात येतं.

दादा (पुणे): सगळे मिळून विषय फिरवताय. माझा प्रश्न बीपीचा नाही. उद्या परत मैदानात पडले आणि मास्तर नसले तर? मला इथं बसून काय कळणार? घड्याळात पडल्याचं कळतं, मिनिटभर हालचाल नसेल तर ते स्वतः फोन लावतं.

पहिला दिवस इथं संपला. रात्री कुणी काही बोललं नाही, कारण दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलगा साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. अडतीस हजार तो घड्याळाला देत नव्हता, झोप लागावी म्हणून देत होता. त्यावर काकडीचा विनोद चालत नाही.

सकाळी पहिला मेसेज मामांचा. गुलाबाचं फूल. त्याच्या खाली:

मामा (खानापूर): परवा नेमके कसे पडलात?

आण्णा: पडलो कुठं? हळू कट्ट्यावर टेकलो. मग आडवा झालो.

पिंट्या: मग घड्याळाला कळलंच नसतं. अंग जोरात आपटून हात एकदम थांबला तर त्याला कळतंय. टेकून बसलेला माणूस त्याला टेकून बसलेलाच वाटणार.

दादा (पुणे): पण नुसतं बटण दाबून तरी फोन लावता आला असता.

पिंट्या: होय, ते करता येतंय. पण ब्लूटूथचं घड्याळ स्वतः फोन लावत न्हाय, खिशातल्या फोनकडनं लावून घेतंय.

मामा (खानापूर): आणि फोन कुठं होता?

(इथं मोठा खंड. काकू ऑनलाइन दिसत होत्या.)

काकू: फोन घरात चार्जिंगला. ते कधीच नेत नाहीत.

दादा (पुणे): कधीच?

काकू: लेंग्याला खिसा नाही न्हवं. हातात धरून चालायला आवडत नाही त्यांना.

दादाचं ‘टाइपिंग’ दोन मिनिटं दिसत होतं. मेसेज आला तो एका शब्दाचा.

दादा (पुणे): धन्य.

पिंट्या: सिमवालं घड्याळ घेतलास तर फोन न नेता चालतंय. ई-सिम, म्हणजे कार्ड नसलेलं सिम, चालू करून घ्यायला लागतंय, फोनचं सिम ज्या कंपनीचं त्याच कंपनीचं. महिन्याचे पैसे वेगळे. आणि सिम चालू ठेवलं की रोज चार्जिंग.

मामा (खानापूर): आणि रेंज पाहिजे. आमच्याकडं जांबोटीच्या पुढं गेलो की फोनच मुका होतो, घड्याळ काय बोलणार.

आण्णा: रोज चार्जिंग मला जमणार नाही. माझं एचएमटी बघा. १९८४ ला पगारातनं घेतलो. बेंगळूरचं घड्याळ, जपानच्या सिटिझनवाल्यांनी १९६१ ला शिकवलेलं. आजपण चालतंय.

पिंट्या: आण्णा, त्याला रोज सकाळी चावी देताय न्हवं? मग रोज चार्जिंग का जड?

आण्णा: चावी द्यायला माझी दोन बोटं पुरतात. चार्जर शोधायला तुझी काकू लागते.

(पिंट्याचा मुद्दा मला पटला होता, खरं सांगतो. रोज चावी देणारा माणूस रोज चार्ज करू शकतो. पण आण्णांनी त्या घड्याळावर मनात फुली मारली होती. मनाविरुद्ध दिलेली वस्तू आमच्या घरात कपाटात जाते. गेल्या दिवाळीची मसाजची गादी तिथंच आहे.)

दादा (पुणे): ठीक. तूर्त घड्याळ नाही. पण फोन खिशात पाहिजे, आणि पॉवर बटण लागोपाठ दाबलं की मला फोन येईल असं पिंट्या आजच सेट करून देईल. बीपी मशीनचे पैसे मी पाठवतो.

काकू: लेंग्याला खिसा मी शिवते. चेन लावून.

सगळं मिटलं असं वाटलं. दुपारी तीनला आत्यांचा मेसेज.

आत्या (निपाणी): आण्णाचं झालं. मला कोण विचारतंय? रविवारी तुम्ही मला सातदा फोन केलासा. मी परड्यात होतो, फोन खोलीत. परत आल्यावर पोरानं केवढी बोलणी दिली. कानाला मशीन लावलं तर भांड्यांचा आवाज टोचतो, काढलं तर रिंग ऐकू येत नाही.

दोन दिवस आम्ही ज्याला नको होतं त्याच्यासाठी भांडत होतो.

ताई (हुबळी): अगं मग तुला पाहिजे घड्याळ! फोन आला की मनगटावर थरथरतं. ऐकू यायची गरजच नाही. गोळ्यांची वेळ पण तसंच सांगतं.

आत्या (निपाणी): अडतीस हजाराचं नको.

पिंट्या: हे घे की, काकडीचं. नाडी-बीपी सगळं बंद करून देतो, नुसते फोन आणि गजर. पण फोन दहा मीटरच्या आत पाहिजे, मध्ये भिंत आली की अजून कमी. परड्यात जाताना खिडकीत ठेवायचा. आणि एक, नावं मराठीत सेव्ह असली तर नीट दिसतात, मी बघितलो. कन्नडमधलं काही आलं की नुसते चौकोन.

आत्या (निपाणी): चौकोन दिसला की बँकेचा मेसेज, एवढं समजलं मला.

शनिवारी पिंट्या आत्यांना कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, न्यायच्या निमित्तानं निपाणीला जाऊन घड्याळ बांधून आला. त्याच संध्याकाळी काकूंनी फोटो टाकला. पांढऱ्या लेंग्याला निळ्या ब्लाउजपिसाचा खिसा, त्यात फोन, चेन बंद. आण्णांचा चेहरा फोटोत नव्हता, मुद्दाम घेतला नसावा. वहीतले पहिले आकडे पण आले. बसून १३२/८०, उभं राहून ११०/७०. ताईनं ते बघून गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना सोमवारीच विचारा म्हणून लिहिलं, पंधरा दिवस थांबू नका म्हणाली.

रविवारी सकाळी ग्रुपवर:

आत्या (निपाणी): फोन आला की हाताला मुंगळा चावल्यागत होतंय. पण कळतंय. काल सगळे फोन उचललो.

आत्या (निपाणी): आणि आज सकाळी सव्वापाचला मुंगळा चावला. उठून बघितलो तर गुलाबाचं फूल. मामा, ते बंद करा.