अनुभव धागा: पूर्व आणि आग्नेय आशियात दूध, अंडं, मासळी टाळून कुठे जेवलात?

भटकी_भाकर

आज ऑफिसात एक जण बँकॉकला निघालाय म्हणून सगळे त्याला ठेपले, खाकरे, रेडी-टू-ईट पाकिटं असं काय काय न्यायला सांगत होते. "तिकडे आपल्याला खायला काही मिळत नाही" हे वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात बँकॉकच्या चायनाटाउनमधल्या याओवारात रस्त्यावरचे पिवळे झेंडे फडफडायला लागले.

मी मांस-मासे कधीच खात नव्हते, दूध-दही-तूपही सोडून बराच काळ झाला. थायलंडला गेले तेव्हा घरच्यांनी अर्धी बॅग चिवड्याने भरून दिली होती. तो चिवडा हॉटेलच्या साफसफाईवाल्या बाईंनी आवडीने खाल्ला. मला गरजच पडली नाही.

झालं काय, की चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तिकडे नऊ दिवसांचं व्रत असतं. बरेचदा ते नेमकं आपल्या नवरात्रातच येतं. मांस, मासे, अंडी, दूध बंद, आणि कांदा-लसूणही बंद. फुकेतमध्ये सगळ्यात मोठा सोहळा (गालातून भाले आरपार घातलेले भाविक मिरवणुकीत असतात, कच्च्या मनाच्यांनी जपून), पण बँकॉकच्या चायनाटाउनमध्येही रस्ताभर गाड्या लागतात. खूण एकच. पिवळा झेंडा आणि त्यावर लाल रंगात इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं दिसणारं अक्षर. ते म्हणजे 'जे', या व्रताचं जेवण. तो झेंडा दिसला की दुधाबद्दलही विचारावं लागत नाही. एका पांढऱ्या कपड्यातल्या आजींनी कढईभर तेलात सोयाच्या सायीच्या गुंडाळ्या तळल्या, कात्रीने कचाकचा कापल्या आणि वर आंबट-गोड चटणी ओतून हातात दिल्या. काठ कुरकुरीत, आत मऊ. तीच खात दुसऱ्या गाडीसमोरच्या रांगेत उभी राहिले.

उत्सव संपला तरी 'जे'च्या खानावळी वर्षभर चालू असतात. माझं तर स्पष्ट मत झालंय की त्या भागात 'व्हीगन' असं इंग्रजीत लिहिलेल्या कॅफेच्या मागे लागूच नये. देवळं, मठ, उपासाच्या तिथी शोधा, जेवण तिथे असतं.

तुम्हाला कुठे काय सापडलं? लिहा.

कुकरची_शिट्टी

जागा धरून ठेवते. भाजी फोडणीला टाकलीय. येतेच.

शेंगदाणेकूट

देवळं शोधा याला प्रचंड अनुमोदन. व्हिएतनाममध्ये चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी सगळं खाणारी माणसंही 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवतात. त्या दिवशी नेहमीचे फो (शेवयांचं सूप) वाले, बान्ह मी (पावाचं सँडविच) वाले पण चाय पाटी लावून बसतात. आम्ही ह्युएत नेमके पौर्णिमेला होतो. ह्युए म्हणजे जुनी राजधानी, पागोडे भरपूर, आणि तिथलं चाय जेवण नावाजलेलं.

काचेच्या कपाटात पंधरावीस पातेली, बोट दाखवायचं, भातावर वाढून मिळतं. कोवळ्या फणसाची गोडसर-तिखट भाजी, गवती चहा आणि मिरची लावून परतलेलं टोफू. सोबत अननस-टोमॅटोचं आंबट सूप. त्यात अळूच्या जातीतले देठ असतात, स्पंजासारखे, सगळं आंबट पाणी पिऊन बसतात आणि चावलं की तोंडात पिचकारी. नवऱ्याने शर्टावर घेतली.

एक लक्षात ठेवा, तिथे साध्या जेवणावळीत "भाजी द्या" म्हटलं तर भाजीच देतात, पण नूक मामवर म्हणजे माशाच्या सॉसवर परतलेली. त्यांच्या लेखी ते मीठच. त्यामुळे "मांस नको" म्हणून भागत नाही, "चाय" हाच शब्द वापरायचा.

रावसाहेब_निवृत्त

आमच्या टूरवाल्याने सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिन्हीकडे पनीर बटर मसालाच घातला. शेवटी तर वेटरला आमची ऑर्डर पाठ झाली होती. कंपनीचं नाव घेत नाही. हे झेंडे-बिंडे बसच्या खिडकीतून पाहिले आणि सौ. म्हणाल्या निवडणूक असेल.

भटकी_भाकर

रावसाहेब :D काकूंना माझा नमस्कार सांगा.

तैपेईत_तूर्तास

मी कामानिमित्त तैवानात राहतो, त्यामुळे थोडं अधिकाराने. व्हीगन माणसाला इतका सोपा देश मी पाहिला नाही. शाकाहारी दुकानाच्या पाटीवर बरेचदा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या वळणाचं, बौद्ध. पहिल्यांदा बघून दचकायला होतं, मग सवय होते आणि भूक लागली की नजर तेच शोधते.

आत गेलं की बुफे. कागदी डबा घ्यायचा, हवं ते भरायचं, काट्यावर वजन करून पैसे. रताळ्याचा पाला, कमळकाकडी, काळे कानमशरूम, दहाएक प्रकारचं टोफू. दुपारी बाराला गेलात तर बांधकामावरचे मजूर, शाळेची मुलं, सगळे त्याच रांगेत. 'डाएट' वगैरे कुणाच्या डोक्यातही नसतं.

पाकिटबंद मालावर तर कायद्यानेच शाकाहाराचे पाच प्रकार छापतात: पूर्ण शाकाहारी, अंडंवाला, दूधवाला, दोन्हीवाला, आणि पाचवा ज्यात कांदा-लसूण वर्गातलं चालतं. पूर्ण म्हणजे दूध-अंडं नाही आणि कांदा-लसूणही नाही. त्यामुळे व्हीगन माणसाला पहिला आणि पाचवा बघायचा. पाचव्यातही दूध-अंडं असू शकतं, तेव्हा मागचा घटकांचा मजकूर वाचाच. तेवढ्यापुरती अक्षरं ओळखायला शिकलो.

जपायचं ते नकली मांसापासून. सोया-गव्हाच्या त्या 'हॅम' किंवा 'चिकन'मध्ये चिकटपणासाठी अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधाची पावडर असू शकते.

शेंगदाणेकूट

पाच प्रकार छापतात? इथे मी डेअरीवाल्याला समजावून दमले की तूप पण दुधाचंच असतं.

कुकरची_शिट्टी

आले. तैपेईत_तूर्तास, कांदा-लसणाच्या त्या यादीबद्दल एक गंमत सांगते. बौद्ध ग्रंथांतल्या पाच उग्र वस्तूंच्या जुन्या यादीत हिंगसुद्धा आहे! आपण कांदा-लसूण सोडला की चिमूटभर हिंगावर निभावतो आणि त्यांच्याकडे तोच वर्ज्य. सासूबाईंना सांगितलं, त्या अजून धक्क्यात आहेत.

तैपेईत_तूर्तास

खरंय. बाजारात हिंग सहज मिळत नाही म्हणा, त्यामुळे मोह पडायचा प्रश्न नाही. माझा डबा भारतातून आलेला, शेजाऱ्यांनी गॅसगळतीची तक्रार केली होती.

नीरव_पाऊल

जपानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जपान अवघड आहे, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. सगळ्याच्या बुडाशी दाशी (सूप-रश्शांचं मूळ पाणी) असतं आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून-धुरावून किसलेल्या माशाचं. मिसो सूप, सोबाचं पाणी, उकडलेला पालक, नुसत्या टोफूवर ओतलेला रस, सगळ्यात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त फसगत.

पण कोयासानला गेलात तर सगळं विसराल. कुकाई या बौद्ध भिक्षूने नवव्या शतकात वसवलेलं डोंगरावरचं गाव, मठांमध्येच मुक्काम करता येतो. संध्याकाळी खोलीत लाखेच्या लाल ताटल्यांवर शोजिन र्‍योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण, आणून ठेवतात. इथलं दाशी कोंबू शेवाळ आणि वाळल्या शिताके मशरूमचं. गोमा-दोफू नावाला टोफू, सोयाबीन त्यात नसतंच. तीळ वाटून कुझूच्या कंदाच्या सत्त्वात घोटतात. चमच्याने कापलं की खरवडल्यासारखा आवाज नाही, काही नाही, सरळ खाली जातो. वर वासाबीचा ठिपका. कोया-दोफू मात्र खरा सोयाचा, थंडीत गोठवून वाळवलेला, भिजवला की रसाने तट्ट फुगतो.

पहाटे प्रार्थनेला बसा. पाय दुखतात. नंतरची पेज त्यामुळे जास्त गोड लागते.

मिरची_लवंगी

कोरियाचंही तेच. किमची म्हणजे कोबी-मुळा, आपल्याला काय अडचण, असं वाटतं, पण नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. मठातली किमची वेगळी, लसूण-कांदापातही नाही. सोलमध्ये जोग्ये या बौद्ध पंथाचं 'बाल्वू गोंगयांग' आहे, मठातलं जेवण शहरात. 2017 च्या गाइडमध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला होता. आधी जागा राखून ठेवा. आम्ही गेलो ते मुलाला घेऊन, त्याने कमळाच्या मुळाचे तळलेले काप तेवढे खाल्ले आणि बाकी वेळ भिक्षापात्रांच्या वाट्या एकात एक बसवत बसला. मी शांतपणे जेवले. बऱ्याच दिवसांनी गरम जेवले.

कुकरची_शिट्टी

मिरची, शेवटचं वाक्य काळजाला भिडलं गं. किती वर्षांचा आहे?

मिरची_लवंगी

पाच. आत्ता भिंतीवर चित्र काढतोय. जाते.

जावाचा_मनुष्य

इंडोनेशियात राहून आलोय. टेंपे! जगाला हा पदार्थ जावा बेटाने दिला. सोयाबीनवर बुरशी लावून केळीच्या पानात आंबवतात, पांढरी घट्ट वडी होते. सकाळच्या बाजारात बोट लावून पाहिलं तर ती अजून कोमट लागते, कारण आत बुरशी काम करत असते. तळून, वर मीठ-धणे-लसूण. बस.

पण सांबाल (मिरचीची चटणी) विचारून घ्या, तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली वडी त्यात सर्रास असते. गाडो-गाडो या उकडलेल्या भाज्यांच्या कोशिंबिरीवरच्या शेंगदाण्याच्या चटणीतही घालतात, शिवाय वर उकडलेलं अंडं आणि कोळंबीचे पापड. जोग्याकार्ता शहराचा गुडेग तर अर्धा आपलाच: कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवलेला, सागाच्या पानांनी लालसर तपकिरी होतो. फक्त "अंडं, कोंबडी, क्रेचेक नको" सांगा. क्रेचेक म्हणजे जनावराची कातडी, कुरकुरीत भाजी समजून उचलाल.

बालीत उबुदला व्हीगन कॅफे पावलोपावली आहेत. जेवण सुंदर, पण सगळे गिऱ्हाईक योगावर्गाला आलेले परदेशी आणि बिलही त्यांच्या हिशोबाचं. मला वारुंगातल्या, म्हणजे साध्या खानावळीतल्या, बाकड्यावरच बरं वाटतं.

खटपट्या

माझ्या मते हे व्हीगन वगैरे नवीन फॅड आहे. दुधाने काय घोडं मारलंय? (ह. घ्या.)

भटकी_भाकर

खटपट्या, अख्खा पूर्व आशिया शेकडो वर्षं टोफू खातोय आणि फॅड म्हणे. दुधावरचा वाद दुसरीकडे घालू, इथे जेवा.

खटपट्या

बरं बरं. मग ऐका. लाओसला लुआंग प्रबांगमध्ये मेकाँगमधल्या शेवाळाचे पापड मिळतात, तीळ, लसूण, टोमॅटोच्या चकत्या लावून वाळवलेले. तळले की झकास. पण सोबत जी तिखट चटणी देतात त्या जेओ बाँगमध्ये म्हशीच्या कातडीचे तुकडे असतात. मी खातो म्हणून मला चाललं, तुम्ही नुसते पापड घ्या. बघा, फॅडवाल्यांची काळजी आहे मला.

शेंगदाणेकूट

खटपट्यांना एक पापड बक्षीस.

घाटावरची

म्यानमारचा शान टोफू कुणी खाल्लाय का? तो सोयाचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा, हळद घातलेला. थेट पिठल्याच्या वड्या! त्रिकोणी तुकडे तळून चिंचेच्या चटणीबरोबर देतात. मी मंडालेत रस्त्याकडेला बसून खाल्ला आणि विकणाऱ्या बाईंना हातवारे करून सांगत होते की आमच्याकडे पण, आमच्याकडे पण. त्यांनी अजून दोन तुकडे वाढले, बहुतेक भुकेली समजून. चहाच्या पानांच्या कोशिंबिरीत मात्र सुकी कोळंबी असते, काढून मागायची.

रावसाहेब_निवृत्त

हे सगळं वाचून सौ. म्हणताहेत पुढच्या वेळी टूर नको, आपले आपण जाऊ. आता पंचाईत. मला दूध डॉक्टरांनी बंद केलंय, पण चहाचं काय? तिकडे सगळा चहा कंडेन्स्ड मिल्कचा.

जावाचा_मनुष्य

काका, सिंगापूर-मलेशियात "तेह ओ" म्हणा, बिनदुधाचा येतो. साखरही नको असेल तर "तेह ओ कोसोंग". कॉफी हवी तर "कोपी ओ". आणि फूड कोर्टात शाकाहारी चिनी गाडा शोधा, सकाळी शेवया आणि त्यावर दोन-तीन भाज्या. रोटी चनाईच्या पिठात दूध, तूप किंवा अंडं असू शकतं, सोबतच्या रश्शात मासा. तिथे विचारल्याशिवाय नको.

रावसाहेब_निवृत्त

तेह ओ. लिहून घेतलं. आणि विमानात? गेल्या वेळी "व्हेज" मागितलं तर पुन्हा पनीरच.

तैपेईत_तूर्तास

काका, तिकीट काढताना स्पेशल मीलमध्ये व्हीजीएमएल निवडा, त्यात दूध-अंडं नसतं. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं व्हेज, पनीर तिथूनच येतं. किमान चोवीस तास आधी सांगावं लागतं, काही कंपन्यांना त्याहून आधी. आणि चेक-इनला पुन्हा विचारून घ्या.

रावसाहेब_निवृत्त

दोघांचं वेगवेगळं सांगता येतं ना? सौ.ना पनीर आवडतं.

तैपेईत_तूर्तास

येतं येतं. फक्त स्पेशल मील आधी वाढतात, तेव्हा काकूंचं आणि तुमचं ताट अदलाबदल होणार नाही एवढं बघा.