१७० च्या आघाडीवर फॉलोऑन? आजोबांच्या वहीतलं कोडं (वेस्ट इंडीज, १९७१)

खतावणी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय. लिहायची वेळ आज आली, तीही भावाशी भांडण झालं म्हणून.

परळची खोली रिकामी करताना माळ्यावर आजोबांची एक लांबडी वही सापडली. लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे असते तशी. आजोबा गिरणीत टाइमकीपर होते, त्यामुळे आकडे मांडायची सवय, आणि अक्षर असं की आजही बिनचष्म्याचं वाचता येतं. पुढून घरखर्च: घासलेट, चहापूड, भिशी, आत्याची फी. वही उलटी करून मागून उघडली तर क्रिकेट! फेब्रुवारी ते एप्रिल १९७१, वाडेकरच्या संघाचा वेस्ट इंडीज दौरा. पाचही कसोट्या, एकेका कसोटीला एक पान.

पहिल्याच पानावर लिहिलंय: 'किंग्स्टन. भारत ३८७. वे. इं. २१७. फॉलोऑन!!' दोन उद्गारचिन्हं त्यांचीच. एरवी हा माणूस पूर्णविरामसुद्धा मोजूनमापून द्यायचा.

भाऊ म्हणतो, चूक आहे. ३८७ वजा २१७ म्हणजे १७०, आणि फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवायला, २०० ची आघाडी लागते. त्याचं म्हणणं, चाळीत कुणीतरी थाप मारली आणि आजोबांनी ती उतरवून घेतली. ज्या माणसाने कामगारांचा पाच मिनिटांचा उशीर कधी सोडला नाही, तो तीस धावांनी चुकेल हे मला पटत नाही.

दुसरं, या पानावर गावसकर नाहीच. सलामीला कुणी जयंतीलाल आहे, त्याच्यापुढे ५. गावसकरच्या ७७४ धावा याच मालिकेतल्या ना? मग तेव्हा हा होता कुठे?

आणि सोलकरच्या नावापुढे प्रत्येक वेळी कंसात 'पाटीवाला' लिहिलंय. 'सोलकर (पाटीवाला) ६१.' बाकी कुणालाच टोपणनाव नाही. हे काय प्रकरण?

आजोबा १९९८ साली गेले. आता विचारायचं कुणाला, म्हणून इथे.

वांगं_भरीत

ताई, गूगल केलंत का?

खतावणी

केलं. तिथेही फॉलोऑनच लिहिलंय. भाऊ म्हणतो, मग तिथेही चूक आहे. असा भाऊ आहे.

चौथा_पंच

भावाला म्हणावं, आजोबांची माफी माग.

फॉलोऑनचा आकडा सामना किती दिवसांचा आहे यावर ठरतो. पाच दिवसांचा असेल तर २००, तीन किंवा चार दिवसांचा असेल तर १५०, दोन दिवसांचा असेल तर १००. आणि पुढची मेख अशी की पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नाही, तर दिवस मोजायचे ते खेळ प्रत्यक्ष सुरू झाला त्या दिवसापासून. किंग्स्टनच्या सबिना पार्कवर पहिला दिवस पावसात गेला. म्हणजे कसोटी उरली चार दिवसांची, आणि आघाडी लागत होती १५०. आपली होती १७०.

लक्षात घ्या, हे फक्त पहिल्या दिवसाला लागू आहे. दुसरा किंवा तिसरा दिवस कोरडा गेला तरी २०० चे २०० च राहतात. मी तालुक्याच्या मैदानांवर अठरा वर्षं पंचगिरी केली, या एका कलमावरून दोनदा मैदानात शिव्या खाल्ल्या आहेत. एकदा तर कप्तान म्हणाला, 'काका, तुमच्या घरचे नियम इथे नकोत.' खिशातून पुस्तक काढून दाखवलं तेव्हा गप्प बसला. पाटील होता गावचा, दुपारच्या जेवणाला मला मुद्दाम शेवटी वाढलं.

लेगबाय

पंचकाकांनी नियम सांगितला, मी गोष्ट सांगतो. वय वर्षं ७०, तेव्हा जुन्या एसएससीला होतो, परीक्षा तोंडावर आणि राहायला शिवाजी पार्कच्या मागे. वाडेकर म्हणजे आमच्याच मैदानावरचा. त्याला कप्तान केलं ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने, पतौडीला बाजूला सारून. अर्धी मुंबई खूश आणि उरलेला देश 'आता बघूच' म्हणून टपून बसलेला. वेस्ट इंडीजला आपण तोवर एकदाही हरवलं नव्हतं. तिकडेही नाही, इकडेही नाही.

तिकडे चहापान व्हायचं तोवर इकडे मध्यरात्र उलटून जायची. सकाळच्या पेपरात अर्धवट धावसंख्या. आमचा भरवसा स्टेशनाकडे जाताना लागणाऱ्या एका पानवाल्यावर. त्याच्याकडे लाकडी चौकटीची पाटी होती, तिच्यावर खडूने आकडा लिहायचा. क्लासला जाताना पाहिलं तर पाटीवर '७५-५'. संध्याकाळी येताना तेच. मी विचारलं, पुढचं काय? म्हणाला, 'पुढचं कळलं तरी लिहिणार नाही, गिऱ्हाईक पान न खाता जातं.'

दोन दिवसांनी त्याच पाटीवर 'सरदेसाई २१२'. आणि त्या भल्या माणसाने खाली रेघ मारली होती, मोठ्या हिशेबाखाली मारतात तशी दुहेरी.

७५ वर पाच गेल्यावर सरदेसाई आणि सोलकरने १३७ जोडल्या. मग नवव्या विकेटला प्रसन्नाबरोबर आणखी १२२, त्यात प्रसन्नाच्या स्वतःच्या पंचवीस. गोलंदाजाला एका टोकाला उभं करून दुसऱ्या टोकाने धावा काढणं काय असतं, ते त्या भागीदारीच्या आकड्यातूनच कळतं. हे सरदेसाई कोण? तर ज्याला संघात घेताना खळखळ झाली होती आणि वाडेकर हट्टाला पेटला म्हणून जो विमानात बसला, ते.

मग ते २१७ ला आटोपले आणि वाडेकर त्यांच्या ड्रेसिंग रूमच्या दाराशी जाऊन त्यांच्या कप्तानाला, सोबर्सला, सांगून आला की पुन्हा फलंदाजीला या. सोबर्सला क्षणभर काही उमगेना. त्याच्याही डोक्यात तुमच्या भावासारखे २०० च बसलेले! वेस्ट इंडीजला भारताने फॉलोऑन दिला तो पहिल्यांदाच. म्हणून आजोबांची दोन उद्गारचिन्हं. मी असतो तर चार दिली असती.

खरं सांगायचं तर निकालावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. दुसऱ्या डावात त्यांनी ५ बाद ३८५ केल्या, कन्हाय नाबाद १५८, सोबर्स ९३, सामना आरामात अनिर्णित. पण तोवर वेस्ट इंडीजमध्ये आपण सामना वाचवायला जायचो. समोरच्याला 'पुन्हा या' म्हणायचं असतं हे तिथे कळलं. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, पहिल्या चेंडूवर आबिद अलीने फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. नंतर दुराणीने सोबर्सला शून्यावर आणि लॉइडला वाडेकरच्या हाती, दोघांनाही पाठोपाठ घालवलं, आणि सात विकेट्सनी जिंकलो. १० मार्चला. पेपर त्या दिवसांत लोकसभेच्या निकालांनी भरलेले, इंदिराबाईंचा विजय चार-चार पानं, आणि आम्ही पोरं पान उलटून मागचं आधी वाचणारी.

गावसकरचं म्हणाल तर दातदुखीमुळे पहिली कसोटी हुकली. बाकीच्या चारांत ७७४. पण माझं जुनं दुखणं असं आहे की त्या ७७४ च्या सावलीत सरदेसाईच्या ६४२ झाकल्या गेल्या. २१२, ११२, १५०, तिन्ही शतकं गरजेला. पाया त्याने रचला, कळस सुनीलने चढवला, आणि लोक फोटो कळसाचेच काढतात.

पाटीवाला म्हणजे आमचा एक्की. एकनाथ सोलकरचे वडील मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याचे माळी, मैदानाची देखभाल त्यांच्याकडे. बिऱ्हाड तिथेच, मैदानाच्या कडेला झोपडीवजा खोलीत. लहानपणी एक्की सामन्यांच्या वेळी धावफलकाच्या पाट्या बदलायचा. तुमचे आजोबा सुट्टीच्या दिवशी जिमखान्यांवर सामने बघायला जात असणार. ज्या पोराला पाट्या टांगताना पाहिलं, त्याच्याच ६१ धावा वहीत लिहायच्या! मीही कंस केला असता.

चौथा_पंच

लेगबायकाका, तुमच्या वयाचा मान राखून एक दुरुस्ती. पहिली कसोटी हुकली ती बोटामुळे. नखाजवळ पू झाला होता. दातदुखी शेवटच्या कसोटीतली, पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनलाच. तो सामना सहा दिवसांचा होता, आणि पठ्ठ्याने दुखता दात घेऊन १२४ आणि २२० काढल्या. गुंगी येईल म्हणून वेदनाशामक औषधसुद्धा दिलं नाही. दात उपटला तो सामना संपल्यावर.

लेगबाय

मान्य. पंचावन्न वर्षांत दात आणि बोट एकमेकांत मिसळले. तो जयंतीलाल मात्र नीट आठवतो. हैदराबादचा. गावसकरच्या जागी एकच कसोटी मिळाली, एकच डाव, ५ धावा, सोबर्सने झेल घेतला, खलास. पुन्हा कधी नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलला इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं त्या डावात बदली खेळाडू म्हणून याने डॉलिव्हेराचा झेल घेतला. धावफलकात झेल घेणारा म्हणून नाव नाही, नुसतं 'बदली'. ताई, आजोबांनी त्याच्या पाच धावा लिहून ठेवल्या हे बरं केलं.

मडगावकर

सरदेसाईंचा विषय निघाला आणि गोव्याचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून आलो. दिलीपबाब आमच्या मडगावचे, जन्म १९४०. तेव्हा इथे पोर्तुगीज. शाळा इथली, क्रिकेट मुंबईचं, कारण इथे टर्फ विकेट, गवताची खेळपट्टी, म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. गंमत बघा, भारताकडून पहिली कसोटी ते खेळले कानपूरला इंग्लंडविरुद्ध, १ डिसेंबर १९६१ ला. गोवा मुक्त झाला त्याच महिन्याच्या १९ तारखेला. म्हणजे गडी भारताकडून खेळायला उतरला तेव्हा त्याच्या जन्मगावावर अजून पोर्तुगालचा झेंडा!

आणि फॉलोऑनचंच चाललंय तर चौथी कसोटी विसरू नका. ब्रिजटाउन. त्यांच्या ५ बाद ५०१, सोबर्स नाबाद १७८. हा सामना पूर्ण पाच दिवसांचा, त्यामुळे पंचकाकांच्या हिशेबाने फॉलोऑन टाळायला ३०२ हव्या होत्या. आपले ७० वर सहा बाद! पुन्हा हेच दोघे, सरदेसाई आणि तुमचा पाटीवाला. सातव्या विकेटला १८६. सरदेसाई १५०, सोलकर ६५, आपण ३४७ वर पोचलो आणि पुढे सामना वाचवला. मालिका १-० ने घरी आली ती या डावामुळे. माझ्या वडिलांचं मत होतं की किंग्स्टनपेक्षा हा डाव मोठा. मी तेव्हा पाळण्यात होतो, मला मत नाही.

वांगं_भरीत

गूगलचं बोललो ते मागे घेतो. आम्ही आपले ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या गॅबा कसोटीवाले, आम्हाला वाटतं परदेशात जिंकायला तिथपासूनच सुरुवात झाली. सोलकरचं आणखी सांगा ना कुणीतरी. शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा राहायचा तोच ना?

लेगबाय

तोच. २७ कसोटी, ५३ झेल, आणि डोक्यावर फार तर टोपी. ओव्हलला वेंकटराघवनच्या चेंडूवर नॉटचा झेल घेतला तो फोटो बघ. अख्खं अंग जमिनीला समांतर, हात फलंदाजाच्या बुटांपर्यंत. पुढचं लिहीत बसलो तर बायको जेवायला बोलावणं बंद करेल.

खतावणी

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला फोन लावून पंचकाकांचं उत्तर आणि नंतर लेगबायकाकांचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'पहिल्या दिवशी पाऊस होता हे आजोबांनी लिहायला हवं होतं.' म्हणून पुन्हा वही काढली. पानाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, तारखेशेजारी बारीक अक्षरात एक शब्द आहे: 'पाणी'. मी तो नळाच्या पाण्याबद्दलचा समजून सोडून दिला होता. चाळीत पाणी कधी आलं, कधी गेलं, हे ते पुढच्या बाजूला रोजच लिहायचे.

ब्रिजटाउनच्या पानावर '७०-६' भोवती चौकोन आहे, आणि त्याखाली 'सरदेसाई १५०, सोलकर (पाटीवाला) ६५' शाई दोनदा फिरवून. मडगावकर, तुमच्या वडिलांचं आणि आमच्या आजोबांचं जमलं असतं.

आणि शेवटचं पान. 'पो. ऑ. स्पेन. गावसकर १२४, २२०.' त्याच्यापुढे वेगळ्या, निळ्या शाईत, बहुधा नंतर कधीतरी लिहिलेलं: 'दात.' बस, एवढंच. चौथा_पंच, तुमचं उत्तर वाचलं तेव्हा ट्रेनमध्ये होते आणि एकटीच मोठ्याने हसले. इतके दिवस मी ते आजीच्या कवळीचा खर्च चुकून मागच्या बाजूला लिहिला गेला असं समजत होते, आणि पुढच्या पानांवर रक्कम शोधत होते.