"वाढीव" हे कौतुक की टोमणा? आणि "विषय हार्ड" म्हणजे काय?

भाची अकरावीला आहे, तिचं नि मैत्रिणींचं बोलणं अर्धंच कळतं मला. "काय वाढीव आहेस गं" हे एकीला आवडलं, दुसरी रुसून बसली. आपल्याला वाढीव वीजबिल, वाढीव मुदत एवढंच माहीत. तसंच विषय हार्ड, चाबूक, रिझ. कुणीतरी नीट सांगा प्लीज.

---

ताई, वाढीवचा मूळ अर्थ कुठे गेलेला नाही, गरजेपेक्षा जास्त हाच आहे, फक्त ते जास्तपण आवडलं की कौतुक आणि नाही आवडलं की टोमणा. वाढदिवसाला अख्ख्या गल्लीला मिसळ खाऊ घातली तर वाढीव माणूस, आणि साध्या गोष्टीवरून तमाशा केला तरी वाढीवच, त्यामुळे बोलणाऱ्याचा सूर ऐकल्याशिवाय अर्थ लागतच नाही.

विषय हार्ड कोल्हापूरकडे जास्त ऐकू येतो, नाद खुळाच्या घरातलाच. यात विषय म्हणजे समोरचं प्रकरण. विषय संपला किंवा विषय कट म्हणजे आता चर्चा नको, विषय खोल म्हणजे दिसतं तेवढं सोपं नाही, आणि विषय हार्ड म्हणजे तोडच नाही. एका शब्दावर पोरांनी केवढं उभं केलंय बघा, मला तर फार आवडतं हे!

चाबूक म्हणजे एकदम मस्त. दणक्याचे, भीतीचे शब्द कौतुकाला लावायची आपली जुनीच सवय आहे, फारसीत ज्याचा हात वरचढ तो जबरदस्त, त्याचीच जबरदस्ती आपण वाईट अर्थाने वापरतो आणि जेवण मात्र जबरदस्त झालं म्हणतो. "भयंकर आवडलं" तर आपणही म्हणतोच की.

रिझ इंग्रजी करिझ्मामधला मधला तुकडा, ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडला होता. "त्याला लय रिझ आहे" म्हणजे बोलून समोरच्यावर, विशेषतः आवडत्या व्यक्तीवर, छाप पाडता येते.

---

वरचं सगळं पटलं पण "छपरी"बद्दल कुणी बोललं नाही. भडक केस रंगवलेल्या, साध्या वस्तीतल्या, बाईक उडवणाऱ्या पोरांना हिणवायला वापरतात, म्हणजे खरं तर त्यांच्या गरिबीला आणि आवडीनिवडीला नाव ठेवतात. कॉलेजातली मुलं सहज बोलून जातात. माझ्या मुलाला मी हा एक शब्द बोलू देत नाही, बाकी चाबूक म्हण, वाढीव म्हण, काय हवं ते म्हण.