ॲम्बॅसिडरच्या इंजिन-ब्लॉकला ड्रेन कॉक बसवायचा आहे : आट्यांबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७६ सालची ॲम्बॅसिडर मार्क ३ आहे आणि तिच्यात मूळचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचे बी-सिरीज, अजूनही आहे. मागच्या मालकांनी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले असावे, कारण रेडिएटर कितीही वेळा धुतला तरी चार दिवसांत कूलंट चहासारखे लाल होते. कारण उघड आहे. रेडिएटरच्या खालच्या टाकीचा कॉक (पाणी काढण्याची तोटी) उघडला की रेडिएटर रिकामा होतो. पण खालचा होज पंपाला जिथे लागतो ती जागा वॉटर जॅकेटच्या तळापेक्षा वर असल्याने सिलिंडरांभोवतीचे जुने पाणी आत तसेच राहते आणि नव्या कूलंटमध्ये मिसळते.

मूळ रचनेत ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाशी, पितळी कॉक असतो. माझ्या गाडीत तिथे कोणीतरी षटकोनी डोक्याचा लोखंडी प्लग मारलेला होता. गंज सोडवणारे तेल मारून आणि भोवतालचा भाग गरम करून तो निघाला, पण भोकातून पाण्याचा थेंबही आला नाही. वाकवलेली तार आत फिरवल्यावर आधी तपकिरी चिखल आला, त्यात वाळूचे कण होते, आणि मग एकदम धार लागली.

आता तिथे कायमचा कॉक बसवायचा आहे. मेकॅनिकने एअर-कॉम्प्रेसरच्या दुकानातून ‘पाव इंची’ म्हणून दांडीचा छोटा बॉल व्हॉल्व्ह आणला आहे. तो तीनेक फेरे हाताने जातो आणि मग जाम होतो. पिच गेज (आटे मोजण्याची पट्टी) लावल्यावर जुन्या प्लगचे आटे इंचाला १९ भरतात आणि प्लग सरळ आहे, निमुळता नाही. मेकॅनिकचे म्हणणे असे की टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळल्यास तो बसेल. कास्ट आयर्नच्या त्या बॉसला (भोकाभोवतीच्या उंचवट्याला) तडा जाण्याची मला भीती वाटते. शिवाय त्या जागेच्या खालीच स्टार्टर आहे, त्यामुळे निघणारे पाणी थेट त्याच्यावर पडेल. नेमका कोणता कॉक घ्यावा आणि तो कसा बसवावा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

तो व्हॉल्व्ह जोर लावून आवळू देऊ नका, ही पहिली विनंती. तुमच्या ब्लॉकचे आटे पाव इंची बीएसपी (नळांच्या आट्यांचे ब्रिटिश माप), समांतर प्रकारचे आहेत : इंचाला १९ आटे, ५५ अंशांचा कोन आणि बाहेरचा व्यास सुमारे १३.१६ मिमी. ‘पाव इंची’ या एकाच नावाखाली बाजारात निमुळता बीएसपी आणि अमेरिकन मापाचा, तोही निमुळताच, एनपीटी हेही मिळतात. एनपीटीचे आटे इंचाला १८ आणि कोन ६० अंशांचा असतो, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन फेरे तो अगदी सभ्यपणे जातो आणि मग अडतो. निमुळता बीएसपीसुद्धा पाचरीप्रमाणे बॉसला आतून फाकवतो. तुमच्याकडे गेज आहेच. व्हॉल्व्हवर लावून पाहा, म्हणजे दोहोंपैकी कोणता ते कळेल. समांतर आट्यांचे सील आट्यांवर होत नाही, ते खांद्याखालच्या वॉशरवर होते, म्हणून टेपने तिथे काही साधत नाही.

साधा पितळी कॉक घ्या. एमजीए आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांतही हेच बी-सिरीज कुटुंबातील इंजिन असल्याने त्यांच्यासाठी विकला जाणारा ब्लॉकचा कॉक चालतो. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्या एमजीबीला तोच आहे. कॉम्प्रेसरचे प्लॅस्टिक बॉडीचे व्हॉल्व्ह आणि पुश-फिट नळ्या इथे मुळीच नकोत, कारण त्या गरम कूलंटसाठी बनवलेल्या नसतात.

बसवण्यापूर्वी ब्लॉकचे आटे बीएसपीच्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) हलकेच साफ करा आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे चुरा आत पडणार नाही. तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो. आवळून झाल्यावर कॉकचे तोंड भलत्या दिशेला आले तर तो उलटा फिरवून सैल ठेवू नका. वेगळ्या जाडीचा वॉशर वापरून दिशा जुळवा. तोंडाला रबरी नळी लावता येते, त्यामुळे स्टार्टरचा प्रश्न तिथेच मिटेल. आधी मात्र गाळ काढाच. थर्मोस्टॅट काढून वरून पाण्याची धार सोडा आणि ड्रेनच्या भोकातून तार फिरवत राहा. ॲसिड घालू नका, त्याने वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या) आधी खाल्ले जातात.

थोडे अवांतर : इंग्लंडमध्ये हे कॉक मुळात थंडीसाठी होते. अँटिफ्रीझ न घालणारे लोक रात्री पाणी काढून टाकत, नाहीतर गोठलेल्या पाण्याने ब्लॉक फुटे.

प्रतिसाद :

माझे मत थोडे वेगळे आहे. कूलंट दोन वर्षांतून एकदा बदलायचे असेल तर कॉकची गरजच काय? त्याच आट्यांचा नवा पितळी प्लग आणि वॉशर लावा. कॉकची मूठ रस्त्यात कशाला लागून फिरली, तर इंजिन कोरडे पडेपर्यंत पत्ता लागणार नाही.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. व्हॉल्व्हवर गेज लावून पाहिला, आटे १८ निघाले; तो दुकानाला परत केला आहे. गाळ पूर्ण निघेपर्यंत ब्लॉक वारंवार रिकामा करावा लागणार असल्याने सध्या पितळी कॉकच बसवतो, आणि मूठ फिरू नये म्हणून ती तारेने बांधून ठेवतो. एक शंका उरते : चौथ्या सिलिंडरमागचा गाळ तारेने हलत नसेल, तर बाजूचा वेल्च प्लग काढून तिथून खरवडणे इंजिन गाडीत असताना जमते का, की त्यासाठी इंजिन उतरवावेच लागते?