शब्दचर्चा : श्रेय ‘जाते’ कुठे?

फळेवाला

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक फळा आहे. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद आहे, असलं काही नसेल त्या दिवशी मी त्यावर चार ओळी लिहितो. निवृत्तीनंतरचा उद्योग. 23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून लिहिलं : ‘चंद्रयान-3च्या यशाचे श्रेय इस्रोच्या शास्त्रज्ञांना जाते.’ दूध घेऊन परत येतो तो खाली कुणीतरी निळ्या खडूनं लिहिलेलं : ‘श्रेय जात नाही, द्यावे लागते. आणि शास्त्रज्ञांनाच का?’ सही नाही. अक्षर वळणदार, तेव्हा पोरासोरांचं काम नसावं.

राग आला, पण दिवसभर तेच डोक्यात. ‘श्रेय जाणे’ हा खरंच मराठी प्रयोग आहे, की हिंदी बातम्या ऐकून आपल्या तोंडी बसला? आणि ‘श्रेय’चा नेमका अर्थ काय? जाणकारांनी सांगावं.

जोडाक्षर

श्रेयस् हे मूळचे तुलनेचे रूप. ‘प्रशस्य’ म्हणजे वाखाणण्याजोगा. त्याला तर-तम भाव लावताना ‘श्र’ असा आदेश होतो, असे पाणिनी सांगतो. त्यातून श्रेयस्, म्हणजे अधिक चांगले, आणि श्रेष्ठ, म्हणजे सर्वांत चांगले. थोडक्यात, श्रेय आणि श्रेष्ठ ही सख्खी भावंडे. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी जोडी येते : हिताचे ते श्रेय, आवडीचे ते प्रेय. ‘प्रेयसी’ त्याच घरातली, अर्थ ‘अधिक प्रिय’. कोणापेक्षा अधिक, हे विचारायचे नसते.

गीतेत अर्जुन ‘यच्छ्रेयः स्यान्निश्चितं ब्रूहि तन्मे’ म्हणतो तेव्हा तो स्वतःचे भले कशात आहे ते विचारतो आहे. कामगिरीची पावती मागत नाही. म्हणजे आजचा अर्थ तिथे नाही.

माझा तर्क असा की हा अर्थ आपल्याकडे पूजाविधीतून आला असावा. होमहवन झाले की शेवटी श्रेयदान असते. काही जण त्याला श्रेयसंपादन म्हणतात. गुरुजी हातात सुपारी आणि अक्षता घेतात, पाणी सोडतात आणि ‘या कर्मातून जे श्रेय उत्पन्न झाले ते तुम्हांला दिले’ अशा अर्थाचे म्हणून ती सुपारी यजमानाच्या ओंजळीत ठेवतात. चार तास धुरात बसून मंत्र म्हटले गुरुजींनी. फळ यजमानाला, कारण काम त्याने सांगितले आणि खर्च त्याने केला. मात्र ते आपोआप जात नाही. हातावर पाणी पडावे लागते. तुमचा निळा खडू बरोबर आहे.

फळेवाला

मागच्या वर्षी खालच्या मजल्यावर वास्तुशांत झाली तेव्हा ती सुपारी मी स्वतः पाहिली होती. यजमानांनी ती खिशात टाकली आणि फोनवर केटररशी बोलायला लागले. तेव्हा हे माहीत असतं तर त्यांना थांबवलं असतं.

पण जोडाक्षर, तुमचा तर्क धरला तर पंचाईत होते. यजमान म्हणजे खर्च करणारा. मग चंद्रयानाचं श्रेय सरकारला? करदात्यांना? म्हणजे मलाच?

रात्रपाळी

मी दैनिकात उपसंपादक होतो, बावीस वर्षं. ‘श्रेय जाते’ यावर आमच्याकडे रीतसर भांडणं झाली आहेत. ज्येष्ठांचं म्हणणं, मराठीत वस्तू जाते ती वाया जाते, चोरीला जाते नाहीतर बळी जाते, श्रेय ‘मिळतं’ किंवा ‘देतात’ असं लिहा. आम्ही मान डोलवायचो आणि मथळ्यात बसतं म्हणून ‘जाते’च लिहायचो.

खरं सांगायचं तर या शब्दाला आज जी क्रियापदं लागतात ती पाहिली तरी देशाचा इतिहास कळतो. देणे मागे पडलं. घेणे आलं, मग लाटणे आलं, उपटणेही आलं. ‘श्रेयवाद’ हा शब्द तर पुण्यात उड्डाणपूल झाला की हमखास वापरावा लागतो. चांदणी चौकातल्या पुलाचं उद्घाटन 12 ऑगस्ट 2023ला झालं आणि चांद्रमोहीम उतरली 23 ऑगस्टला, अकरा दिवसांनी. त्या पंधरवड्यात चौकाचौकांत चेहऱ्यांचे इतके फ्लेक्स होते की कोणता चांदणीसाठी आणि कोणता चंद्रासाठी ते नीट वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

मुळाकाठ

ज्येष्ठांशी असहमत. ‘शेत थोरल्याला गेलं, घर धाकट्याला गेलं’ हे अस्सल मराठी आहे की नाही? वाटणीत वस्तू जातेच. तेव्हा श्रेय अमक्याला ‘जातं’ म्हणणारा नकळत वाटणीची भाषा बोलतोय. हिंदीचा धक्का असेल, पण आपल्या भाषेत दार आधीच उघडं होतं.

आणि वाटणी म्हटली की ‘वाटा’ आलाच. माझी तक्रार त्याबद्दल आहे. ‘खारीचा वाटा’ हा शब्द खारीनं स्वतः वापरायचा असतो! ‘माझा आपला खारीचा वाटा’ हा विनय झाला. दुसऱ्यानं तिच्याबद्दल म्हटलं की अपमान झाला. मी वालचंदनगरला वाढलो, इंदापूर तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात. चंद्रयान-3 ज्या एलव्हीएम-3 रॉकेटनं नेलं त्याच्या दोन्ही बाजूंना एस200 नावाच्या घन इंधनाच्या मोटरी असतात. एकेका मोटरीत सुमारे 200 टन इंधन. त्या मोटरींच्या पोलादी आवरणांचे भाग आमच्या गावच्या कारखान्यात होतात. व्यास 3.2 मीटर, म्हणजे सरळ उभा राहून हात वर केला तरी माथ्याला लागत नाही. दरवेळी कुणीतरी लिहितं, ‘वालचंदनगरचाही खारीचा वाटा’. एवढी खार कुठे पाहिलीत?

जोडाक्षर

‘सिंहाचा वाटा’ त्याहून फसवा. गोष्टीतल्या सिंहाने शिकारीत सगळ्यांची मदत घेतली आणि सगळे मांस स्वतः ठेवले. तो घेतलेला वाटा आहे, उचललेला नव्हे. आपण मात्र ‘मोहिमेत सिंहाचा वाटा’ असे कौतुकाने म्हणतो. काही प्रसंगी दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, ते वेगळे.

रात्रपाळी

वाटा सोडा, आधी कर्ता ठरवा. मथळ्यात आम्ही काय लिहिलं? ‘विक्रम चंद्रावर उतरला.’ (विक्रम म्हणजे चंद्रयान-3चा लँडर, चंद्रावर उतरणारा भाग.) अकर्मक. ‘इस्रोनं विक्रमला चंद्रावर उतरवलं’ असं लिहिलं असतं तर श्रेयाचा निम्मा प्रश्न प्रत्ययातच सुटला असता. उतरणे आणि उतरवणे. सरकारी प्रसिद्धिपत्रकांत तिसरीच तऱ्हा : ‘यान उतरविण्यात आले.’ कोणी, ते विचारू नका.

एक_हजार_ग्रॅम_कमी_दहा

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण ‘उतरला’ हे चूक नाही. सुमारे 30 किलोमीटर उंचीवरून विक्रमचा शेवटचा उतार सुरू झाला आणि साधारण 19 मिनिटांनी, 6 वाजून 4 मिनिटांनी, तो टेकला. त्या 19 मिनिटांत बंगळूरच्या नियंत्रण कक्षातून कोणी स्टिअरिंग फिरवत नव्हतं. वेग किती, उंची किती, खाली खड्डा आहे की सपाटी, हे यान स्वतः मोजत होतं आणि इंजिनांना आज्ञा स्वतःच देत होतं. खोलीतले सगळे आपल्यासारखेच पडद्याकडे बघत होते. व्याकरणदृष्ट्या विक्रम खराखुरा कर्ता.

पण ते ‘स्वतः’ कोणीतरी लिहिलेलं होतं. 7 सप्टेंबर 2019ला चंद्रयान-2चा लँडर याच टप्प्यात कोसळला. त्यात काय चुकलं ते शोधून, पायांपासून आज्ञावलीपर्यंत बदल करून हा विक्रम केला. आता 2023च्या श्रेयात 2019चे लोक धरायचे की नाही? पी. वीरमुथुवेल प्रकल्प संचालक, कल्पना कालाहस्ती सहयोगी संचालक, एस. सोमनाथ अध्यक्ष, ही नावं पेपरात आली. चंद्रयान-2च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या. ते नाव त्या संध्याकाळी कोणी घेतलं?

माझं टोपणनाव विचारलं जातं म्हणून : 990 ग्रॅम हे ‘स्वयम्’चं वजन. सीओईपी या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेला उपग्रह. 22 जून 2016ला पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून गेला, एकूण वीस उपग्रहांत एक. माझा भाऊ त्यावर काम करणाऱ्या सुरुवातीच्या एका तुकडीत होता. पोरं पास होऊन जायची, वही पुढच्यांना द्यायची. उपग्रह उडाला तेव्हा तो परदेशात नोकरीला होता आणि बातमीतल्या फोटोतल्या एकालाही ओळखत नव्हता. आईनं फोटो तरीही फ्रेम केला. पाहुण्यांना ती ‘आमच्या ह्याचा’ म्हणून दाखवते. कर्मणी, कर्तरी काही विचारत नाही.

फळेवाला

हे वाचून ‘स्वयम्’ हे नाव एकदम थोर वाटायला लागलं.

बरं, ‘शास्त्रज्ञ’चं काय?

रात्रपाळी

तो आमचा आळस. इस्रोतल्या पदाचं नावच ‘सायंटिस्ट/इंजिनिअर’ असं जोडलेलं आहे. आम्ही तिरपी रेघ आणि पुढचा शब्द खातो. ‘अभियंता’ म्हटलं की मराठी वाचकाला बांधकाम खातं आठवतं, ‘शास्त्रज्ञ’ म्हटलं की पांढरा डगला. प्रत्यक्षात चंद्रावर उतरणं हे बहुतांशी अभियांत्रिकीचं काम आहे. शास्त्रज्ञांचा धंदा उतरल्यानंतर सुरू होतो.

उलटं उदाहरणही आहे, तेही घरचंच. सूर्याच्या अभ्यासाला गेलेल्या आदित्य-एल1 यानावरची जी दुर्बीण सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो काढते, ती आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं झाली. नाव ‘सूट’. आमच्या डेस्कवर नवीन आलेल्या मुलानं मथळा दिला होता, ‘आदित्य मोहिमेत पुण्याची सूट’. वाचकांना वाटलं असतं, पुणेकरांना तिकिटात सवलत आहे.

जोडाक्षर

‘मोहीम’ या शब्दाकडेही पाहा. अरबीतून आलेला, मूळ अर्थ महत्त्वाचे काम. आपल्याकडे तो लष्करी झाला. आणि मोहीम म्हटली की सरदार हवा. 1758 साली राघोबादादा लाहोरपर्यंत गेले. पुढे अटकेकडे ज्या फौजा गेल्या त्या तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांच्या. पण ‘अटकेपार झेंडे’ म्हटले की शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला नाव राघोबाचेच आठवते. फौजेसाठी जे राबले त्यांच्यासाठी भाषेने ‘लष्कराच्या भाकऱ्या’ ठेवल्या, त्याही फुकटच्या कामाच्या अर्थाने.

रशियनांनी तर सरदारही दाखवला नाही. स्पुटनिक ज्यांनी उडवला त्या कोरोल्योव यांचे नाव ते 1966मध्ये वारले तेव्हा जगाला कळले. तोवर फक्त ‘मुख्य रचनाकार’. अमेरिकेत वेगळेच : अपोलो 11च्या कापडी बोधचिन्हावर तिन्ही अंतराळवीरांनी आपली नावे घालू दिली नाहीत. त्या कार्यक्रमावर सुमारे चार लाख लोक राबले होते. चार लाख नावे शिवायला कापड कुठून आणणार?

मुळाकाठ

उलट बाजू कोणीच घेतली नाही. श्रेयाचा विरुद्धार्थी शब्द काय? कोशात ‘अपश्रेय’ मिळेल. पण बोलताना आपण ‘खापर’ म्हणतो. श्रेय ‘देतात’, खापर ‘फोडतात’, आणि तेही डोक्यावर.

10 ऑगस्ट 1979ला इस्रोचं एसएलव्ही-3 रॉकेट पहिल्याच उड्डाणात पडलं. प्रकल्प संचालक अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर जाऊन बसले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. 18 जुलै 1980ला तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा धवन म्हणाले, पत्रकार परिषद तुम्ही घ्या. कलामांनी हे जन्मभर सांगितलं. म्हणजे धवनांनी सुपारी ओंजळीत दिली आणि खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. पण 1980च्या त्या यशाच्या वेळी, रॉकेटं घडवणाऱ्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक कोण होते? आपले वसंत गोवारीकर. घन इंधनावर आयुष्य घातलेला माणूस, जन्म पुण्यातला, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. वर ज्या एस200चं सांगितलं, ती घन इंधनाच्याच परंपरेतली. तुमच्या फळ्यावर त्यांचं नाव कधी आलंय का?

फळेवाला

नाही आलं. चूक कबूल.

रूटकार्ड

मी इथे बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. भोसरीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. कोणासाठी काय बनवतो ते सांगायची परवानगी नाही, म्हणून सांगत नाही.

तुम्ही श्रेयासाठी शब्द शोधताय. आमच्याकडे तो शब्द वापरात नाही, ‘सही’ वापरात आहे. प्रत्येक जॉबबरोबर एक रूट कार्ड फिरतं. टर्निंग कोणी केलं, मिलिंग कोणी केलं, मोजलं कोणी, कोणत्या मायक्रोमीटरनं, त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, सगळ्यासमोर सही आणि तारीख. खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी परत सही. जॉब निघून गेला तरी कागद राहतो. पार्ट फेल झाला तर तो कागद काढतात आणि माणसाला बोलावतात. पार्ट चालला तर कागद कोणी काढत नाही.

मागे एकदा आमचे एक मिलिंगवाले काका रिटायर झाले. निरोप समारंभाला सामोसे होते. त्यांनी एकच मागितलं, एखाद्या जुन्या कार्डाची झेरॉक्स. मिळाली नाही, कागद बाहेर देता येत नाहीत. मग त्यांनी उभ्या उभ्या ते वाचलं, स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘तेव्हा अक्षर बरं होतं.’

बाकी एक शंका. आमच्या अकाउंटवाल्या मॅडम म्हणतात की खतावणीत ‘जमा’ म्हणजे क्रेडिट आणि ‘नावे’ म्हणजे डेबिट. मग पेपरात ‘विक्रम इस्रोच्या नावे’ लिहितात ते उधारी झालं की हो!

रात्रपाळी

बावीस वर्षांत हे एकदाही लक्षात आलं नाही. मी ‘नावे’ किती वेळा लिहिलं असेल, मोजवत नाही.

जोडाक्षर

‘नावे’ म्हणजे ‘नावावर’. हिशेबात ज्याच्या नावावर रक्कम मांडली तो देणे लागतो, म्हणून डेबिट. विक्रमातला ‘नावे’ही तोच शब्द. शुद्धतेचा दोष नाही. पण ताईंचा अर्थ मला अधिक आवडला : ज्याच्या नावे विक्रम, तो बाकीच्यांचे देणे लागतो.

फळेवाला

फळा पुसून पुन्हा लिहिला. ‘श्रेय’ही नाही, ‘शास्त्रज्ञ’ही नाही. ‘23 ऑगस्ट 2023. संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटे. विक्रम उतरला. ज्यांनी ज्यांनी उतरवला त्यांपैकी आपल्या माहितीतले एक नाव खाली लिहावे.’ शेजारी खडूचा डबा ठेवला.

रात्रीपर्यंत सहा नावं आली होती. दोन गोवारीकर. एक कोणी ‘माझे बाबा, पेंट शॉप’. एक नाव मला वाचता आलं नाही. एकानं स्वतःचंच लिहिलंय, तो विम्याचा एजंट आहे. निळ्या खडूनं फक्त माझ्या ‘त्यांपैकी’वरचा अनुस्वार ठळक केला होता.

सकाळी वॉचमननं सगळं पुसलं. गुरुवारी पाणी येणार नाही.