रीलवरची ‘जाहिरात’ ही पाटी पुरते का? की गुंतवणुकीच्या जाहिरातींत प्रसिद्ध चेहऱ्यांना बंदीच हवी? (चर्चेतल्यांची टोपणनावं: तळटीप, रोखठोक, ताळेबंद, उंबरठा.)

तळटीप
‘जाहिरात’ अशी पाटी टाकली की बघणारा सावध होतो, हे गृहीतकच मला चुकीचं वाटतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती किमान ३ सेकंद दिसायला हवी. १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ. पण बऱ्याचदा ती खालच्या कोपऱ्यात असते, जिथे अकाउंटचं नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी आधीच दाटीवाटीने बसलेली असते. डोळे चेहऱ्यावर असतात. तो क्रिकेटपटूचा असला की पाटी दिसायच्या आत विश्वास बसलेला असतो.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीत जोखमीच्या १४ शब्दांच्या इशाऱ्याला १० सेकंद द्यायला लावले, कारण तो भरधाव म्हटला तर कुणालाच कळत नाही. तिथे प्रसिद्ध व्यक्तीला एखाद्या योजनेची किंवा कंपनीची भलामण करता येत नाही. सगळ्या फंडांच्या वतीने जनजागृती तेवढी करता येते. तेंडुलकर आणि धोनी ‘म्युच्युअल फंड सही है’मध्ये दिसतात ते या चौकटीत. हीच चौकट गुंतवणुकीच्या प्रत्येक रीलला लावा.

रोखठोक
असहमत. ‘लोकांचं लक्ष आता टिकतच नाही’ या समजुतीवर सगळा डोलारा उभा आहे. माणसाचं लक्ष ८ सेकंदांचं, गोल्डफिशपेक्षा कमी, हा आकडा मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या २०१५च्या अहवालातून पसरला आणि त्याला संशोधनाचा धड आधार सापडत नाही. लक्षावर संशोधन करणाऱ्या ग्लोरिया मार्क यांची मोजणी खरी आहे: एका स्क्रीनवर माणूस २००४मध्ये सरासरी अडीच मिनिटं थांबायचा, अलीकडे ४७ सेकंद. पण त्यातून स्क्रीन बदलण्याची सवय मोजली जाते, समजून घेण्याची कुवत नव्हे. तीच माणसं तीन तासांचा पॉडकास्ट ऐकतात.

शिवाय कायदा आहेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २१: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. वर जाहिराती करायला एक वर्ष, नंतर तीन वर्षांपर्यंत मनाई. तो नीट राबवा, नवी बंदी कशाला?

तळटीप
त्याच कलमात पुढे काय आहे तेही वाचा: दाव्याची शहानिशा केली होती असं दाखवता आलं, तर झळकणाऱ्याला दंड नाही. शाम्पूच्या दाव्याची शहानिशा प्रयोगशाळेच्या अहवालावरून होईल. ‘महिन्याला खात्रीने इतके टक्के’ याची कशी करणार? सेबीकडे नोंदणी झालेल्या सल्लागारालासुद्धा खात्रीच्या परताव्याचं आश्वासन देता येत नाही. म्हणजे ते वाक्य उच्चारलं तिथेच शहानिशा झालेली नाही हे सिद्ध होतं. कुवतीबद्दल तुमचं मान्य, पण रील कुवतीवर चालत नाही, बोटावर चालते.

ताळेबंद
दोघेही खऱ्या चेहऱ्यांबद्दल बोलताय. जानेवारी २०२४मध्ये तेंडुलकर यांचा बनावट व्हिडिओ एका गेमिंग ॲपसाठी फिरला. त्यांनी स्वतः तो खोटा असल्याचं सांगितलं. तिथे बंदी कुणावर घालणार?

तपासायचा असतो तो सल्ला देणाऱ्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक. सल्लागाराचा ‘आयएनए’ने (INA), शेअरची शिफारस करणाऱ्या संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने (INH) सुरू होतो आणि पुढे नऊ अंक असतात. ‘एआरएन’ हा फंड वितरकाचा क्रमांक, त्याने शेअरची शिफारस करण्याचा अधिकार मिळत नाही. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत क्रमांक टाका. बहुतेकजण फसतात ते यापुढे: क्रमांक खरा निघाला म्हणून थांबतात. ठग दुसऱ्याचाच क्रमांक वापरतात. यादीतलं नाव, ईमेल आणि फोन टेलिग्रामवर बोलणाऱ्याशी जुळतात का, ते बघायचं.

रोखठोक
हेच माझं म्हणणं. बघणाऱ्याला शहाणं करा.

उंबरठा
एवढी तपासणी घरात बसून, निवांतपणे करणारा माणूस मुळात फसतच नाही. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१मध्येच मांडलं होतं की माहिती खाऊन टाकते ते घेणाऱ्याचं लक्ष. त्या लक्षाच्या टंचाईत आणखी चार पायऱ्या वाढवून काय होणार?

अडवायचं तर पैसे सुटतात तिथे. ऑक्टोबर २०२५पासून सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘@व्हॅलिड’ (@valid) असलेले यूपीआय पत्ते सुरू झालेत; पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. एक खूण, नेमक्या क्षणी. पण गुंतवणूकदाराने तोच पत्ता वापरावा अशी सक्ती नाही, त्यामुळे ठग सरळ बँक खातं देऊन मोकळा होतो. अशा वेळी खातं सेबीच्याच ‘सेबी चेक’ या सुविधेवर तपासता येतं.

तळटीप
उंबरठा, ही खूण मला पटली, पण बनावट ॲपमध्ये पैसे भरणाऱ्याला ती दिसणारच नाही आणि तिथवर त्याला चेहऱ्यानेच नेलेलं असतं. बंदी होईल तेव्हा होवो. ग्राहक मंत्रालयाच्या जानेवारी २०२३च्या सूचना तरी आज पाळून घ्या. त्यांत व्हिडिओतली कबुली चित्रात आणि आवाजात, दोन्हीकडे मागितली आहे, तीही जाहिरातीच्याच भाषेत. मराठी रीलवर कोपऱ्यातलं इंग्रजी ‘पेड पार्टनरशिप’ त्यात बसत नाही. नटीने पहिल्याच वाक्यात मराठीत सांगावं, ‘यासाठी मला पैसे मिळालेत.’